खांब क्रमांक 41: ओढ्याच्या पलीकडे पडलेली पिन

एका डोंगरवाटेवर आम्ही स्वयंसेवकांनी क्रमांकाचे खांब लावले, त्यांच्या जागा मोबाईलवर नोंदवल्या, आणि त्या नोंदींमुळे एका जखमी मुलीपर्यंत पोहोचायला दोन तास उशीर झाला. जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे. असे खांब, झाडांच्या नोंदी, पाण्याच्या जागांचे नकाशे आज कितीतरी गट मोबाईलच्या भरवशावर करतात. आमची चूक कुठे झाली हे त्यांना नेमकं कळावं, एवढ्यासाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

वाट 11 किलोमीटरची. सुरुवातीला मोकळं पठार, मग एका लांब, अरुंद सोंडेवरून चढ आणि शेवटी खोल घळ. घळीतला ओढा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दोन्ही बाजूंना उभे कडे, वर दाट झाडी, मध्ये आभाळाची एक पट्टी. वाट हा ओढा तीनदा ओलांडते, त्यामुळे ती कधी उजव्या तीराने जाते, कधी डाव्या. घळीत उतरायला दोन पायवाटा आहेत, एक पश्चिमेच्या कड्यावरून आणि एक पूर्वेच्या. चुकीच्या बाजूने उतरलात तर परत वर चढून, कड्याला वळसा घालून दुसरीकडे यावं लागतं.

आम्ही एकूण 63 खांब रोवले. कोणी अडकलं तर जवळच्या खांबाचा आकडा सांगायचा आणि बचाव पथकाने यादीतून त्याचे अक्षांश-रेखांश काढायचे, अशी योजना होती. यादी तयार करायला दोघं जण एकाच दिवसात अख्खी वाट चालले. प्रत्येक खांबाशी थांबायचं, नकाशाचं ॲप उघडायचं, निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरायचं, आलेले आकडे उतरवून घ्यायचे, पुढे निघायचं. एका खांबाला मिनिटभरही लागत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी 63 ओळींचा तक्ता बघून आम्हाला खरोखर समाधान वाटलं होतं.

घटना

पुढच्या पावसाळ्यात एक तरुण मुलगी घळीत पाय घसरून पडली. घोटा मोडला होता. कॉल लागत नव्हता, पण अधूनमधून मेसेज जात-येत होते. तिने मोबाईलवरून लोकेशन पाठवलं आणि लिहिलं, "41 नंबरच्या खांबाजवळ आहे."

पथकाने दोन्ही तपासलं. तिची पिन ओढ्याच्या डाव्या, म्हणजे पूर्वेच्या तीरावर पडत होती. आमच्या यादीतला 41 नंबरही डाव्याच तीरावर. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती जुळते आहे म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. पथक पूर्वेच्या कड्यावरून स्ट्रेचर घेऊन खाली उतरलं.

मुलगी उजव्या तीरावर होती. समोर दिसत होती, हाक ऐकू येत होती, पण मधला ओढा पावसाने फुगला होता आणि तो ओलांडणं शक्य नव्हतं. पथक पुन्हा वर चढलं, वळसा घालून पश्चिमेच्या वाटेने उतरलं. या सगळ्यात दोन तास गेले. ती भिजून कुडकुडत होती. पाय पुढे व्यवस्थित जुळून आला, पण त्या दिवशी थंडी जास्त असती किंवा जखम डोक्याला असती तर दोन तास फार मोठे ठरले असते.

प्रश्न नेमका कोणता

पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: "जीपीएस चुकलं." एवढ्याने काहीच कळत नाही. नकाशावर दिसणाऱ्या पिनमागे किमान चार वेगळ्या गोष्टी असतात. मोबाईलने काढलेलं स्थान, ते मांडण्याची आधाररेषा (अक्षांश-रेखांश कुठून आणि कसे मोजायचे हे ठरवणारी चौकट), खाली दिसणारा फोटो किंवा नकाशा, आणि माणसाने उतरवून घेतलेले आकडे. यातली कोणतीही एक हलली तरी पिन हलते. आम्हाला शोधायचं होतं की इथे कोणती हलली. त्याला आमचे सात आठवडे गेले, आणि त्यातले पहिले तीन चुकीच्या दिशेने गेले.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

आमच्यातल्या एकाने उपग्रहाचा फोटो उघडला आणि त्यावर आमचे 63 बिंदू टाकले. पठारावर बिंदू पायवाटेला जवळजवळ चिकटून होते. सोंडेवर मात्र सगळे बिंदू वाटेपासून 12 ते 14 मीटर बाजूला, सगळे एकाच दिशेला. त्याने ते उचलून फोटोतल्या वाटेवर नेऊन ठेवले. चित्र नीटनेटकं झालं. आम्ही मान डोलावली.

या निर्णयाच्या मुळाशी आमचा एक समज होता. फोटोत वाट डोळ्यांना दिसते, मोबाईलचे आकडे दिसत नाहीत. म्हणून फोटो खरा. दहा दिवसांनी दुसऱ्या एका नकाशा-सेवेचा फोटो पाहिला, तर त्यात सोंडेवरची तीच वाट पहिल्या फोटोपेक्षा 9 मीटर सरकलेली. एक वाट एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. तेव्हा लक्षात आलं की फोटोही जमिनीवर कोणीतरी बसवलेला असतो, आणि बसवताना तोही चुकतो.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. उपग्रह दर वेळी बरोबर डोक्यावरून फोटो काढत नाही, बहुतेकदा तो तिरका बघतो. तिरक्या फोटोत उंच जागा बाजूला झुकल्यासारखी दिसते. ते सरळ करायला जमिनीच्या उंचसखलपणाचा नमुना वापरतात. हे नमुने बऱ्याचदा ढोबळ असतात. उदाहरणार्थ, फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली; त्या माहितीच्या जाळीतला एक चौकोन सुमारे 30 मीटरचा आहे. अशा जाळीत रुंद पठार नीट बसतं, पण अरुंद सोंड बोथट होते, तिची उंची कमी नोंदली जाते. समजा फोटो 25 अंश तिरका आहे आणि नमुन्यात सोंडेची उंची 30 मीटरने चुकली आहे. मग फोटोतली वाट 14 मीटर सरकते. आमच्या सोंडेवरचा फरक असाच होता. त्या पट्ट्यातले आमचे मूळ बिंदू बरेचसे बरोबर होते आणि आम्ही ते हौसेने बिघडवले होते.

आणखी एक गोष्ट नंतर उघड झाली. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही दुरुस्त करता येणाऱ्या नकाशावर सोंडेवरची वाट आधीच काढलेली होती, आणि ती आमच्याच एका सदस्याने त्याच सरकलेल्या फोटोवरून गिरवलेली होती. म्हणजे फोटो आणि नकाशा एकमेकांशी जुळत होते, कारण एक दुसऱ्यावरून उतरवला होता. त्या जुळण्याला पुराव्याची काहीच किंमत नव्हती.

दुसरा निर्णय: घळीतलं रीडिंग पुन्हा घेणं

सोंडेचा उलगडा झाला तरी 41 चा होत नव्हता. फोटोत तिथे झाडांखेरीज काही दिसतच नाही. मग एक सदस्य स्वतः 41 वर गेला. सकाळी अकराला रीडिंग घेतलं: डावा तीर. खांब त्याच्या हाताशी, उजव्या तीरावर, आणि मोबाईल म्हणतोय ओढ्यापलीकडे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सकाळी अकराला गेला. पुन्हा डावा तीर, आदल्या दिवसाच्या बिंदूपासून अवघ्या 4 मीटरवर. त्याने प्रामाणिकपणे लिहून पाठवलं की दोन स्वतंत्र दिवसांची रीडिंग्ज जुळतात, तेव्हा नकाशातला ओढाच चुकीच्या जागी असणार.

इथे आम्ही आणखी एकदा फसणार होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि साधारण 11 तास 58 मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात. दोन फेऱ्यांनंतर, म्हणजे 23 तास 56 मिनिटांनी, तेच उपग्रह आभाळात पुन्हा त्याच जागी दिसतात. आज सकाळी अकराला जे आभाळ होतं, तेच उद्या चार मिनिटं आधी असतं. ग्लोनास, गॅलिलिओ, बेईडू या इतर प्रणालींचं वेळापत्रक वेगळं आहे, पण जीपीएसपुरती तरी त्याने दोन दिवस एकच परिस्थिती मोजली होती. तीच घळ, तेच कडे, जवळपास तेच उपग्रह, म्हणून तीच चूक. तिसऱ्या दिवशी त्याला दुपारी चारला जायला सांगितलं. बिंदू 17 मीटरने हलला. अजून पूर्वेलाच होता, पण हलला. रीडिंग पुन्हापुन्हा तेच येणं आणि ते बरोबर असणं यात किती अंतर आहे, हे त्या 17 मीटरनी आम्हाला दाखवलं.

घळीत नेमकं काय घडत होतं

41 नंबरचा खांब पश्चिमेच्या कड्याला खेटून आहे. पश्चिमेकडच्या उपग्रहांचा सरळ सिग्नल तो कडा अडवतो. पण तोच सिग्नल समोरच्या पूर्वेच्या कड्यावर आपटून मोबाईलपर्यंत येतो. मोबाईल अंतर काढतो ते सिग्नलला लागलेल्या वेळावरून. प्रकाशाच्या वेगाने एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर अंतर कापलं जातं, त्यामुळे 60 मीटरचा जादा फेरा म्हणजे 200 नॅनोसेकंदांचा उशीर. मोबाईलला फेरा दिसत नाही, त्याला वाटतं की पश्चिमेचा उपग्रह आहे त्यापेक्षा 60 मीटर लांब आहे. पश्चिमेचे उपग्रह लांब, म्हणजे आपण पूर्वेला. हिशोबाने तो तुम्हाला उचलून ओढ्यापलीकडे ठेवतो.

उंच इमारतींच्या रस्त्यावर मोबाईल समोरच्या फुटपाथवर उभा असल्याचं दाखवतो, त्याचं एक मोठं कारण हेच. इमारतींच्या जागी कडे आणि रस्त्याच्या जागी ओढा ठेवला की आमची घळ तयार होते.

यावरून त्या दिवशीचं जुळणं कसं फसवं होतं हेही कळलं. मुलीचा मोबाईल आणि आमची यादी हे दोन साक्षीदार खरे, पण दोघांनी एकाच कड्याच्या सावलीत उभं राहून पाहिलं होतं. दोघांची चूक एकाच दिशेची असणार हे ठरलेलंच होतं.

अचूकतेच्या वर्तुळाबद्दल इथेच लिहितो, कारण पथकातल्या अनुभवी माणसांनाही ते नीट माहीत नव्हतं. निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ म्हणजे "तुम्ही याच्या आतच आहात" अशी हमी नाही. अँड्रॉइडमध्ये त्या त्रिज्येचा अर्थ असा आहे की खरी जागा आत असण्याची शक्यता 68 टक्के. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही साधारण तीनातल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता. शिवाय ते वर्तुळ मोबाईलने स्वतःच्या समजुतीवरून काढलेलं असतं. कड्यावरून आपटून आलेला सिग्नल त्याने सरळ समजला असेल तर वर्तुळही लहानच दिसतं. आणि मुलीने लोकेशन पाठवलं तेव्हा पथकाला मिळाली ती फक्त पिन, वर्तुळ तिच्याच स्क्रीनवर राहिलं.

मध्येच आलेली एक भीती

पठारावर सर्वेक्षणाचा एक जुना दगडी स्तंभ आहे आणि त्याचे अक्षांश-रेखांश छापील नकाशात आहेत. आपला मोबाईल मोकळ्यावर तरी बरोबर आहे का, हे बघायला आम्ही तिथे रीडिंग घेतलं. फरक शंभर मीटरच्या वर निघाला. एक संपूर्ण संध्याकाळ आम्ही सगळंच काम रद्द करायच्या विचारात होतो.

मग कोणीतरी छापील नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली. तो नकाशा जुन्या आधाररेषेवर होता. जीपीएस डब्ल्यूजीएस 84 ही आधाररेषा वापरतं, जुने नकाशे आपापल्या प्रदेशाला जुळणारी. आकडे रूपांतरित केल्यावर फरक 3 मीटरवर आला. मोकळ्या आभाळाखाली चांगला मोबाईल साधारण 5 मीटरच्या आत असतो, तेव्हा 3 मीटर म्हणजे मोबाईल निर्दोष.

याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण ग्रिनिचचं. तिथल्या वेधशाळेत जमिनीवर आखलेल्या शून्य रेखांशाच्या रेषेवर उभं राहून मोबाईल पाहिला तर शून्य येत नाही. आजच्या प्रणालीतली शून्य रेषा तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला जाते. ऑस्ट्रेलियाचं भूखंड वर्षाला सुमारे 7 सेंटिमीटर सरकतं म्हणून त्या देशाला 1994 ची आधाररेषा बदलून 2020 ची आणावी लागली, आणि दोन्हींत सुमारे 1.8 मीटरचा फरक आहे. आमच्या कामाला 1.8 मीटर नगण्य, पण शंभर मीटर नाही.

या गोंधळातून आम्हाला सगळ्यांत उपयोगी धडा मिळाला. आधाररेषेची चूक असेल तर सगळे बिंदू सगळीकडे, सारख्याच अंतराने, एकाच दिशेला सरकतात. फोटोची चूक उंचीप्रमाणे बदलते: पठारावर नगण्य, सोंडेवर मोठी. मोबाईलची चूक मोकळ्यावर थोडी आणि दिशाहीन असते, कड्याखाली मोठी आणि कड्यापासून दूर ढकलणारी. चुकीचा आकार पाहिला की गुन्हेगार ओळखू येतो. हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर एकही बिंदू आम्ही फोटोवरून हलवला नसता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेच मोबाईल, पण रीडिंग नीट घेणं: खांबाशी दहा मिनिटं थांबून सरासरी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. पठार आणि सोंडेसाठी हे पुरेसं होतं. घळीत सरासरीने भागत नाही, कारण सगळी रीडिंग्ज एकाच बाजूला कललेली असतील तर त्यांची सरासरीही कललेलीच येते.

दुसरा, दोन फ्रिक्वेन्सींचा मोबाईल. 2018 मध्ये शाओमीच्या मी 8 पासून असे फोन मिळू लागले. जुने फोन एल1 ही एकच जीपीएस फ्रिक्वेन्सी ऐकतात, हे एल5 सुद्धा ऐकतात. एल1 च्या नागरी संकेताचा एक तुकडा सुमारे 293 मीटर लांब, एल5 चा त्याच्या दहावा भाग. त्यामुळे सरळ आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा करणं सोपं जातं. झाडीत याचा फरक जाणवला. 41 वर मात्र थोडाच, कारण सरळ सिग्नल मुळात पोहोचतच नसेल तर वेगळं करायला काही उरत नाही.

तिसरा, मोजणीचा व्यावसायिक रिसीव्हर. एक ओळखीचे मोजणीदार तो एका दिवसासाठी घेऊन आले. पठारावर दोन सेंटिमीटरची अचूकता मिळाली, आणि ती बघताना खरंच भान हरपलं. घळीत उतरल्यावर तासभर थांबूनही "फिक्स", म्हणजे यंत्राला खात्रीचं वाटणारं पक्कं स्थान, मिळेना. महागडं यंत्रही आभाळ बघूनच चालतं.

चौथा पर्याय त्या मोजणीदारांनीच सुचवला. घळीत आभाळावर अवलंबून राहूच नका, टेप आणि होकायंत्र काढा. काहींना हे मागे जाणं वाटलं. मला तो दिवसभरातला सगळ्यांत शहाणा सल्ला वाटला.

काय केलं

सोंडेवरचे हलवलेले बिंदू आधी मूळ जागी परत नेले. पठार आणि सोंडेवरच्या प्रत्येक खांबाला तीन वेळा भेट दिली, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. नियम एकच: ॲप उघडल्या उघडल्या आकडा घ्यायचा नाही. पहिला ठिपका बऱ्याचदा मोबाईल टॉवर किंवा वायफायवरून काढलेला ढोबळ अंदाज असतो. उपग्रहाला स्वतःच्या कक्षेची माहिती पाठवायला 30 सेकंद लागतात. रेंज असेल तर मोबाईल ती इंटरनेटवरून पटकन घेतो, नसेल तर त्याला आभाळातूनच ऐकत बसावं लागतं. रेंज नसलेल्या जागी आमच्या पहिल्या जोडीने मिनिटभरही दिला नव्हता.

निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरणंही बंद केलं. स्क्रीनच्या रुंदीत एक किलोमीटर मावत असेल तर स्क्रीनवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे 15 मीटर, आणि बोटाचं टोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणं काहीच नाही. आकडे थेट मोबाईलमधल्या रिसीव्हरकडून दाखवणारं ॲप वापरलं.

घळीत ओढ्याच्या दोन वळणांवर आभाळ बऱ्यापैकी मोकळं आहे. तिथे चांगली रीडिंग्ज मिळाली. त्या दोन बिंदूंमधलं 900 मीटर अंतर आम्ही टेपने आणि होकायंत्राने खांबाखांबाने मोजत गेलो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आधी वजा केला. 900 मीटरमध्ये एका अंशाची चूकही शेवटी सुमारे 16 मीटरची होते. दुसऱ्या वळणाशी पोहोचलो तेव्हा हिशोबाचा बिंदू आणि रीडिंगचा बिंदू 6 मीटरने चुकला, आणि ती चूक मधल्या खांबांमध्ये वाटून टाकली. मला तो दिवस चांगला आठवतो. पाऊस नव्हता, टेपचं टोक धरणारा प्रत्येक खांबाशी मोठ्याने आकडा ओरडायचा, दुसरा तो पुन्हा म्हणून लिहायचा. 41 वर हिशोब केला तेव्हा तो जुन्या नोंदीपासून 34 मीटर पश्चिमेला निघाला.

तक्त्यातले आकडेही तपासले. एका खांबाची नोंद जवळजवळ 370 मीटर चुकली होती आणि त्यात उपग्रहांचा काही दोष नव्हता. एका ॲपने 25 मिनिटं 30 सेकंद दाखवले होते, उतरवताना ते 25.30 मिनिटं झाले. खरे ते 25.50 हवेत. 0.20 मिनिट अक्षांश म्हणजे सुमारे 370 मीटर. म्हणून पुढे सगळ्या नोंदी अंशांच्या दशांश रूपात आणि दशांशचिन्हापुढे पाचच स्थळं असं ठरवलं. अक्षांशाचं पाचवं स्थळ म्हणजे साधारण 1.1 मीटर. जुन्या तक्त्यात काही ठिकाणी सात स्थळं होती, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत! त्या लांबलचक आकड्यांनी आम्हाला खात्री वाटायला लावली होती, जी मोबाईलकडे कधीच नव्हती.

ओपनस्ट्रीटमॅपवरची वाट आमच्या वेगवेगळ्या दिवसांच्या ट्रॅकवरून, म्हणजे चालताना मोबाईलने नोंदवलेल्या मार्गांवरून, दुरुस्त केली. तिथे फोटोवरून गिरवण्याआधी फोटो ट्रॅकशी जुळवून सरकवण्याची सोय आहे आणि ते आधी करा असं सांगितलेलंही असतं. आमच्या सदस्याने ते वाचलं नव्हतं, आणि आम्हीही त्याला विचारलं नव्हतं.

परिणाम

घळीतले सात खांब जुन्या यादीत चुकीच्या तीरावर होते. आता सगळे योग्य तीरावर आहेत. पठारावरच्या तीन भेटींची रीडिंग्ज एकमेकांपासून 3 ते 5 मीटरच्या आत आहेत. एका ओव्हरहँगखालचे, म्हणजे पुढे झुकलेल्या कड्याखालचे, दोन खांब अजूनही मनासारखे बसलेले नाहीत. त्यांच्यापुढे यादीत "25 मीटरपर्यंत चूक शक्य" असं स्पष्ट लिहिलं आहे.

यादीत एक नवा रकाना आला: तीर. प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर उजव्या हाताचा तो उजवा. हा एक शब्द कोणत्याही उपग्रहाशिवाय खरा राहतो, आणि पथकाला कुठून उतरायचं हे तोच सांगतो. खांबांवरही आकड्याच्या वर "उ" किंवा "डा" रंगवलं आहे.

पुढच्या सरावात एका सदस्याला घळीत बसवून पथकाला फक्त पिन पाठवली. पिन पुन्हा चुकीच्या तीरावर पडली. पथकप्रमुखाने उत्तरात एवढंच विचारलं, "खांबावर आकड्याच्या वर कोणतं अक्षर आहे?"

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट तांत्रिक नाही. त्या दिवशी मेसेज जात-येत होते. "पाणी ज्या दिशेला वाहतंय तिकडे तोंड केलं तर तू पाण्याच्या कोणत्या हाताला आहेस?" हा एक प्रश्न विचारला असता तर दोन तास वाचले असते. पिन मिळाल्यावर माणसाला विचारायचं राहून गेलं. आता पथकाच्या कागदावर हा प्रश्न पिनच्या रकान्याच्या वर छापला आहे.

दुसरं, आम्ही किती अचूकता हवी हे आधी ठरवलंच नव्हतं. पठारावर 20 मीटरची चूकही चालली असती, माणूस दुरून दिसतो. घळीत 10 मीटरही जास्त, कारण मध्ये पाणी आहे. सगळ्या 63 खांबांना सारखी मेहनत देण्याऐवजी पहिल्याच दिवशी घळीतल्या खांबांना वेगळं काढायला हवं होतं. पठारावर एक मिनिट पुरला असता, आणि उरलेला सगळा दिवस खाली द्यायला हवा होता.

तिसरं, ज्या दोघांनी पहिली यादी केली त्यांना आम्ही बैठकीत फार बोललो. ते योग्य नव्हतं. खांबाला हात लावून उभे असताना मोबाईल ओढ्यापलीकडे दाखवतोय, हे त्यांच्यातल्या एकाला जाणवलं होतं. त्याने तेव्हा ते बोलून दाखवलं नाही, कारण त्याला वाटलं, मोबाईलला आपल्यापेक्षा जास्त कळतं. नोंदीच्या नव्या फॉर्ममध्ये म्हणून एक मोकळी ओळ ठेवली आहे: "डोळ्यांना काय दिसतंय?" ती भरल्याशिवाय नोंद स्वीकारली जात नाही.

41 च्या नोंदीत त्या ओळीवर आता लिहिलं आहे: उजवा तीर. पाण्यापासून वर 12 मीटर. पाठ कड्याला टेकते. मोबाईल पलीकडचा काठ दाखवेल, पश्चिमेच्या वाटेने उतरा.